घडीतलं घडीत

३ फेब्रुवारी

पोरी,

तुझं पाकीट मिळालं. आत चिठ्ठी नाही, चिटोरं नाही, नुसतं शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान! पाकीट उलटं करून झटकलं, आत बोटं घालून बघितलं, शेवटी फाडून सपाट केलं आणि खिडकीशी उजेडात धरलं. काही नाही. सहा वर्षं तुझ्या बोटात होतं ते, मी माझ्या हाताने घातलेलं. ते परत पाठवताना दोन अक्षरं लिहिली असतीस तर हात झिजले असते का गं तुझे?

तळपायाची आग मस्तकात गेली माझी. दुपारी जेवलेसुद्धा नाही.

पत्ता तुझ्या नणंदेकडून काढला. देत नव्हती. "वहिनीने कुणालाही देऊ नको म्हटलंय," म्हणाली. मी म्हटलं, "मी कुणीही नाही, मी मावशी आहे तिची." या गुडघ्यांवर अर्धा तास तिच्या दारात उभी राहिले, तेव्हा कुठे औषधाच्या खोक्यावर लिहून दिला.

आलीस तेव्हा काय होतीस, आठव जरा. वॉर्डातली नवी आयाबाई, सुईत दोरा ओवायला तीनदा थुंकी लावणारी. चर्चच्या महिला मंडळाने म्हटलं, हिला कोण धरतं? सगळ्या म्हाताऱ्या आपापल्या चपला बघत बसल्या. मी हात वर केला. रिटायर होऊन अकरा वर्षं झाली तरी दर बुधवारी मी दवाखान्याच्या लिननरूममध्ये जाते, ती काय मला फाटक्या चादरींचा लळा आहे म्हणून? एका मोठीने एक धाकटी धरायची, शिवताशिवता, घड्या घालताघालता तिला विश्वासात वाढवायची, म्हणून जाते. चादर दोघींनी धरायची, ताणायची, दुमडायची, चालत एकमेकींकडे यायचं. हाताला हात लागला की धाकटीने मनातली एक गोष्ट सांगायची, मोठीने ऐकायची. पुढची चादर. आणि सांगितलेलं खोलीबाहेर न्यायचं नाही. घडीतलं घडीत. हे तुला मीच शिकवलं ना? आता तू मला शिकवायला निघालीस होय!

माझा गुन्हा तरी काय? प्रार्थना केली! चोरी नाही केली, चहाडी नाही केली. गुरुवारी मंडळात डोळे मिटून तुझ्यासाठी देवापुढे रडले. नाव घेतलं नाही मी तुझं. एकदाही नाही, विचार कुणालाही. तुझा संडे स्कूलचा वर्ग काढून घेतला तो पाळकांनी. "थोडी विश्रांती घ्या," असं तुला म्हणाले ते पाळक. मग त्यांच्यावर रुस की! वड्याचं तेल वांग्यावर कशाला?

चार महिने झाले तुला जाऊन. नवऱ्याने बदली मागितली आणि तू बोचकी बांधलीस, इतकं ते सोपं. माझ्या घरावरून गाडी गेली तुमची. मी खिडकीत होते. तू मान वळवली नाहीस.

उत्तर पाठव. पाकिटात काहीतरी घालून पाठव.

मावशी

१२ फेब्रुवारी

पोरी,

उत्तर नाही. बरं. तू हट्टी तर मी तुझी मावशी, लिहीतच राहणार. पोस्टमन तुझ्याकडे येणारच, त्याला काय करशील?

मंडळाने मला नवी मुलगी दिली आहे. रक्त तपासतात त्या खोलीत कामाला असते. तेवीस वर्षांची, हडकुळी, पायाला चाकं लावल्यासारखी पळते, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणतात. मला आजी म्हणते. आजी! तू निदान मावशी म्हणायचीस.

पहिल्या बुधवारी चादर धरली, हाताला हात लागला. म्हटलं, सांग. म्हणाली, "डोकं दुखतं." दुसरी चादर. "परीक्षा जवळ आली." तिसरी चादर. "डोकं दुखतं." दुसऱ्या बुधवारी तेच. काल तिसरा बुधवार. मी भडकले. म्हटलं, "मुली, तुझं डोकं काय बुधवार बघून दुखतं का गं?"

तिने चादर खाली सोडली नाही. टोकं धरून तशीच उभी राहिली आणि सरळ माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "आजी, त्या ताईंनी तुम्हाला खरं सांगितलं होतं ना? मग त्यांचं काय झालं?"

मला इतका राग आला की मी चादर टाकली आणि बाहेर येऊन बाकावर बसले. कालची पोर! कानामागून आली आणि तिखट झाली. ती आतमध्ये एकटी घड्या घालत बसली, वेड्यावाकड्या. माणसाने एकट्याने मोठी चादर दुमडली की ती कधी सरळ येत नाही, काठ जमिनीला लागतो. ते ऐकत बसले मी, फडफड नुसती.

आज मग मी मंडळातल्या बाकीच्यांना विचारलं, सहज विचारल्यासारखं. चष्मेवाली म्हणाली, तिच्या मुलीचंही डोकंच दुखतं. तुझ्या नणंदेने धरलेली मुलगी परीक्षेसाठी प्रार्थना मागते, आणि तिची परीक्षा होऊन दोन महिने झाले! चौदा म्हाताऱ्या, चौदा पोरी, आणि सगळ्या चर्चमध्ये दुःख म्हणून कुणाला नाही, नुसती डोकेदुखी. पाळकीणबाई मान हलवून म्हणाल्या, "आजकालच्या मुली मनमोकळ्या नाहीत हो." मी गप्प बसले. मी! गप्प!

हे सगळं तू करून गेलीस. भांडायचं होतं तर माझ्याशी भांडायचं होतंस, दार आपटायचं होतंस, मला चार शब्द सुनवायचे होतेस. मुकाट्याने गेलीस आणि माझ्या तोंडाला कुलूप घालून गेलीस.

पाय कसे आहेत तुझे? सुजायचे ना? तिकडे उभ्याचं काम आहे का बसून?

मावशी

२७ फेब्रुवारी

पोरी,

तीन दिवस हे पत्र लिहितेय आणि फाडतेय. आता जसं येईल तसं जाऊ दे.

तुझं नाव घेतलं नाही, असं मी लिहिलं होतं. ते खोटं नाही. मी काय म्हणाले ते मात्र लिहिलं नव्हतं. मी म्हणाले, "प्रभू, तुझ्या लेकरांना शिकवणारी आमची एक मुलगी, जिची कूस सातव्या महिन्यात रिकामी झाली, तिचं तोंड आता तुझ्यापुढे उघडत नाही. तिचा विश्वास तिला परत दे." आपल्याकडे संडे स्कूलला शिकवणाऱ्या बायका तीन. एक साठीची. एकीचं लग्न व्हायचंय. मग उरली कोण? नाव घ्यायला राहिलं होतं काय?

चौदाजणी आमेन म्हणाल्या. रविवारपर्यंत पाळकांच्या कानावर गेलं. तेही प्रार्थनेचा विषय म्हणूनच गेलं असणार. आपल्यात कुणी चहाडी करत नाही ना, आपण फक्त ओझं वाटून घेतो! शास्त्रात वयस्कर बायकांना तरुणींना शिकवा म्हणून सांगितलंय, ते आम्हाला तोंडपाठ. त्याच दमात चहाड्या करू नका म्हणून सांगितलंय, ते वाचताना आमचा चष्मा नेमका सापडत नाही.

आणि तू मला त्या बुधवारी काय म्हणाली होतीस? शब्दन्‌शब्द आठवतं. मधून विरलेली चादर होती, आपण ती उभी फाडून काठ मध्ये घेऊन शिवली होती. घडी घालताना तुझे हात माझ्या हातात आले आणि तू सोडलेच नाहीस. म्हणालीस, "मावशी, प्रार्थनेला तोंड उघडते आणि आत काहीच नसतं. त्या अकरा मुलांसमोर उभी राहिले की तेवढं वाटतं, आपण कुठेतरी उभ्या आहोत. ते माझ्याकडून कुणी काढून घेऊ नये." आणि मी म्हणाले, "कोण काढून घेतंय? घडीतलं घडीत."

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. एक दिवससुद्धा नाही राहिलं माझ्या पोटात.

का बोलले, ते सांगते. हे मी देवालाही सांगितलं नव्हतं, म्हणजे त्याला माहीतच असणार. त्या दिवशी माझ्याआधी पाळकीणबाईंनी प्रार्थना केली. लांबलचक, गोड, बायका मुसमुसायला लागल्या. मग माझी पाळी आली. चष्मेवाली नेहमी म्हणते ना, मावशी प्रार्थनेला लागल्या की पंखासुद्धा हळू फिरतो. तर त्या दिवशी माझ्याकडे काही नव्हतं. एक शब्द नव्हता. आणि तुझं होतं. मी ते उचललं आणि वापरलं. खोली गप्प झाली, कुणीतरी हुंदका दिला, आणि मला बरं वाटलं. मला बरं वाटलं, पोरी! तुझ्या लेकराला गुंडाळायला अर्धी चादर मीच कापली होती, मीच तिची कड शिवली होती, या हातांनी. आणि तेच मी मंडळात नेऊन मांडलं.

लाज वाटते म्हणावं तर तो शब्द फार लहान आहे. माझाच मला राग येतो. भांडी आपटून झाली, शेजारणीला टाकून बोलून झालं, राग काही जात नाही.

अजून एक. तू सांगितलंस तेव्हा मी म्हणाले होते, "असं कसं होतं? गीत म्हण, उपास कर, येईल परत." जशी काही मला ती गोष्ट नवीनच! नवरा गेला तेव्हा मी चौतीस वर्षांची होते. दोन वर्षं मी चर्चमध्ये नुसते ओठ हलवले. आत तुझ्यासारखंच, काही नाही. तेव्हा मला धोबीखान्यातल्या म्हातारीने धरलं होतं. मी तिला एका चादरीत सांगितलं. ती काही म्हणाली नाही. गीत म्हण म्हणाली नाही, उपास कर म्हणाली नाही. पुढच्या रविवारी येऊन माझ्या शेजारी उभी राहिली आणि इतक्या मोठ्याने, इतकं बेसूर गायली की मी गातेय की नाही हे कुणाला कळायची सोयच राहिली नाही. दोन वर्षं गायली तशी. लोक हसायचे तिला. मरेपर्यंत कुणाला बोलली नाही.

अंगुस्तान तिचं होतं. तुला कधी सांगितलं नाही, कारण ते सांगायचं तर हे सगळं सांगावं लागलं असतं. आणि मला तुझ्यापुढे खांब व्हायचं होतं.

मावशी

१२ मार्च

पोरी,

आज मंडळात जे झालं ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून तुझ्यापर्यंत पोचायच्या आत लिहिते. तुझी नणंद होतीच तिथे, तिला विचारून खात्री करून घे. माझ्यावर विश्वास ठेव असं म्हणायचं तोंड मला नाही.

पाळक आले होते, मंडळाच्या वर्षाची शेवटची बैठक म्हणून. सगळ्यांनी माना खाली घातल्या, डोळे मिटले. माझी पाळी आली. मी उभी राहिले आणि म्हटलं, "डोळे उघडा. मी देवाशी बोलत नाहीये. तुमच्याशी बोलतेय."

कुणी उघडेना. चष्मेवालीने एकच उघडला. मी म्हटलं, "दोन्ही!"

मग सांगितलं सगळं. एका मुलीने मला घडीत सांगितलं, मी ते इथे उधळलं, प्रार्थनेच्या नावाखाली उधळलं, आणि ते तिच्यासाठी नव्हतं, माझ्या मोठेपणासाठी होतं. गुन्हा माझा, शिक्षा तिला. बाकाची पाठ धरून उभी होते.

चष्मेवाली म्हणाली, "अहो पण मावशी, तुम्ही नाव कुठे घेतलंत?"

"तुला कळलं होतं का कोण ते?"

"हो, म्हणजे... कळलं होतं."

"मग झालं तर!"

तेवढ्यात पाळकीणबाई पुढे आल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला, डोळे मिटले आणि सुरू झाल्या, "हे प्रभू, आमच्या या वयोवृद्ध बहिणीचं दुखावलेलं मन..." माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "थांबा! माझ्यासाठी प्रार्थना करायची तर घरी जाऊन करा, दार लावून करा. आत्ता माझ्याकडे बघा." मागे कुणीतरी फसकन हसलं. भिंगरी असणार.

मग मी पाळकांकडे वळले. म्हटलं, तिचा वर्ग तिला परत द्या. तसं कळवा तिला. ते घसा खाकरून म्हणाले, "मावशी, तुमची कळकळ समजते. पण जिचा स्वतःचाच विश्वास डळमळलाय, तिच्या हाती लेकरं कशी द्यायची?"

मला वाटलं होतं मी ओरडेन. ओरडले नाही. म्हटलं, "माझ्या हाती दिली होती ना दोन वर्षं? नवरा गेल्यावर दोन वर्षं मी या चर्चमध्ये कोरड्या तोंडाने शिकवलं. एक प्रार्थना मनातून केली नाही. त्या वर्गात तुम्ही होतात. पहिल्या बाकावर, नाक गळत, मधल्या सुट्टीत माझ्या पदराला पुसणारे. बुडालात का?"

पाळकांचे कान लाल झाले, लहानपणी व्हायचे तसेच. म्हणाले, "तुम्हीच मला पहिली प्रार्थना शिकवलीत." मी म्हटलं, "हो. पाठ होती मला."

ते तुला पत्र लिहिणार आहेत. वर्ग तुझ्या नावाने ठेवणार आहेत, असं सगळ्यांसमोर म्हणाले. पत्र आलं तर वाच. नाही वाचलंस तरी त्यांची काय बिशाद आहे बोलायची.

मी मंडळाचं अध्यक्षपद सोडलं. सोडते म्हटल्यावर एकीने तरी म्हणावं ना, नका सोडू म्हणून? एक नाही बोलली! उलट चष्मेवालीने लगेच किल्ल्या मागितल्या. वीस वर्षं राबले. याचाही राग आलाय मला, उगाच खोटं कशाला बोलू? पण बुधवार सोडला नाही. भिंगरी येते, चादर धरते. अजून डोकेदुखीच सांगते. सांगू दे. आता मी ती डोकेदुखीसुद्धा कुणाला बोलत नाही.

तू परत ये म्हणून हे केलेलं नाही. म्हणजे, ये. पण म्हणून केलेलं नाही.

मावशी

२ एप्रिल

पोरी,

तुझं पत्र आलं. अकरा ओळी. मोजल्या मी. पोस्टमनसमोरच फोडलं, तो बिचारा सही घ्यायची विसरून उभा राहिला.

तू माफ केलेलं नाहीस, असं स्पष्ट लिहिलंस. बरं केलंस. "जाऊ दे मावशी, झालं गेलं" असलं काही लिहिलं असतंस तर मी पत्र फाडून टाकलं असतं. परत येणार नाहीस, तेही वाचलं. वर्गाला दुसरी कुणी द्या म्हणालीस, तेही पाळकांना सांगते. मला लागलं. संध्याकाळपर्यंत लागत होतं. मी येऊन भेटू का असं विचारणार होते, आता विचारत नाही. बोलावशील तेव्हा येईन, या गुडघ्यांनी कितीही शिव्या घातल्या तरी.

अजून प्रार्थना येत नाही, असं लिहिलंस. नसेल येत. मी शेजारी नाही, नाहीतर मोठ्याने गायले असते. माझाही आवाज आता चांगला बेसूर झालाय.

पण शेवटच्या तीन ओळी मी किती वेळा वाचल्या, सांगू? तिकडच्या वॉर्डात एक नवी आयाबाई आहे. एकोणीस वर्षांची. चादरी घड्या घालताना ती तुझ्यापाशी रडली आणि तिने तुला काहीतरी सांगितलं. तू काही म्हणाली नाहीस, कारण तुला काही सुचलं नाही. तू फक्त दुसरं टोक धरून ठेवलंस. दुसऱ्या दिवशी ती परत तुझ्याकडेच आली. आणि तू मला विचारतेस, "मावशी, मी बरोबर केलं का? माझ्याकडे तर तिला द्यायला विश्वाससुद्धा नाही."

अगं वेडे! आणखी काय देतात?

अंगुस्तान याच पाकिटात परत पाठवते आहे. तुझ्यासाठी नाही, तुला ते सैलच होतं, तू आत दोरा गुंडाळायचीस ते मला काय माहीत नव्हतं? तिला दे. कुणाचं ते सांग. धोबीखान्यातल्या म्हातारीचं म्हणून सांग, माझं नाव घेतलं नाहीस तरी चालेल.

तिने काय सांगितलं ते तू लिहिलं नाहीस. एक शब्द नाही. मी पत्र उलटसुलट करून बघितलं, जित्याची खोड! काय असेल? घरचं असेल? तब्येतीचं असेल? कुणी मारतं का तिला? एवढीशी पोर.

विचारत नाही. जीव तुटतोय, पण विचारत नाही.

तुझी मावशी